खोलीवाली काकी आणि तीन बांध्या

खोलीवाली काकी उभ्यानेच जेवायची. एका हातात ताटली, दुसऱ्या हाताने घास आणि पाय चालूच. चुलीपासून नळापर्यंत, नळापासून आमच्या खोल्यांच्या रांगेपर्यंत, तिथून फाटकापर्यंत. फाटकाशी पोचेस्तोवर भात संपलेला. बी.ए.ची तीन आणि बी.एड.चं एक अशी चार वर्षं मी तिच्याकडे राहिले, पण काकी निवांत बसली आहे असं एकही चित्र डोळ्यांपुढे येत नाही. कुणी 'बसा ना काकी' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसली का गंजली." तिच्याकडे नुसतं बघून आमचे पाय दुखायचे.

गोंदियात रेल्वेलाइनच्या पलीकडे तिच्या पाच खोल्या होत्या. एका रांगेत, वर टिनाचं छप्पर, समोर सगळ्यांत मिळून एक नळ. नवरा राईस मिलमध्ये मिस्त्री होता. तो गेल्यावर या खोल्यांवरच तिचं चालायचं. खोल्या फक्त मुलींना, त्याही खेड्यांतून शिकायला आलेल्या. तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी खोली करून जे शिकले, त्या प्रत्येकाला अशी एखादी काकी भेटलेली असते. पाणी किती वाजता येतं, फाटक किती वाजता बंद होतं, परीक्षेच्या आधी कोण रडतंय, कुणाच्या घरून फोन आला आणि तो कसा होता, सगळं तिला ठाऊक. आमच्या काकीचं वेगळं एवढंच, की खोली देताना ती भाड्याचं नंतर बोलायची. आधी एक प्रश्न विचारायची.

"कायले शिकून रायली?"

मी गोंदियाजवळच्या गोरेगावपासून सात किलोमीटर आतल्या गावातून आले, तेव्हा बाबा सोबत होते. काकीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, प्रश्न थेट मला. मी घाबरून म्हटलं, "मास्तरीण व्हायचं आहे."

"कुणाले शिकवशील?"

"गावच्या पोराईले."

"जमते. तीन नंबरची खोली."

माझ्या पुढच्याच नंबराला उभी असलेली मुलगी म्हणाली होती, "बाबा म्हणते म्हणून." त्यावर काकी म्हणाली, "मंग बाबाले पाठव राहाले!" त्या बिचाऱ्या पोरीचे बाबा तिथेच, हातात गादीची गुंडाळी घेऊन उभे. खोली तिला मिळाली, पण आठ दिवसांत स्वतःचं उत्तर शोधून आणायच्या अटीवर. तिने काय उत्तर दिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

नावाने ती कुणालाच हाक मारायची नाही. पोरी दरसाल बदलतात, नावं कुठं पाठ करू, असं तिचं म्हणणं. म्हणून आम्ही सगळ्या आमच्या गावांच्या नाहीतर तालुक्यांच्या नावाने ओळखल्या जायचो. "ए गोरेगाव, नळ आला!" म्हणजे मी. माझ्या खोलीतली वर्षा म्हणजे "आमगाव". पलीकडच्या खोलीत एक "सालेकसा" होती, ती घरी फोनवर गोंडीत बोलायची, आणि काकी तिच्या बाजूला उभी राहून फोन संपला रे संपला की विचारायची, "बकरी विकली का म्हणे?" गोंडीचा एक शब्द काकीला येत नव्हता. पण अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचा, आणि सालेकसा चिडायची.

भाड्यात तांदूळ चालायचा. निम्मं भाडं पैशात, निम्मं घरच्या तांदळात, अशी तिची पद्धत होती, आणि आम्हा सगळ्यांच्या आईबापांना ती फार सोयीची वाटायची. धान घरचं असायचं, रोख नसायची. दिवाळीनंतर प्रत्येक मुलगी घरून एक पोतं घेऊन यायची. काकी पोत्याचं तोंड सोडायची, मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायची, नाकाशी न्यायची, दोन दाणे चावायची आणि त्या घराचं त्या वर्षीचं सगळं सांगून मोकळी व्हायची. "या साली पाणी उशिरा भेटलं तुमाले." "हे धान ओलंच काढलं बापानं, घाई होती का?" आम्ही एकमेकींकडे बघायचो. तांदूळ पाहून माणसाच्या घरात शिरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

निकालाचे पेढे मात्र ती घ्यायची नाही. वर्षाला बी.ए.त फर्स्ट क्लास मिळाला, ती बिचारी पळत पेढे घेऊन आली, तर काकी म्हणाली, "ठेव तुयाजवळ. नोकरीचे आणशील तवा खाईन." वर्षा दिवसभर तोंड फुगवून बसली. पण त्यामागे काकीचं स्वतःचं गणित होतं. तिच्या खोल्यांतून शिकून गेलेल्या मुली बाजारात, बसस्टँडवर, कुठेही दिसल्या, की ती त्यांना अडवायची. काय करून रायली? पगार किती? कधी भेटते? किती जणी लागल्या तुमच्या वर्गातल्या? कोणती पोरगी कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी आहे, कोणाची नर्सिंग कामाला आली, कोणाचं लग्न होऊन डिग्री ट्रंकेत गेली, सगळी खबर तिच्याकडे. कॉलेजवाले जाहिरातीत काय छापतात, त्याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. ती म्हणायची, "दुकानदाराले इचारून माल घेते का कोणी? जो घेऊन गेला त्याले इचारा."

हे वेड तिला कुठून लागलं, तेही तिने आम्हाला निदान पन्नासदा सांगितलं असेल. काका मिलमध्ये असताना तिथे एक पोरगा पोती उचलायला यायचा. बी.कॉम. झालेला. दुपारी सुट्टीत काकांची पगाराची चिठ्ठी बघून तो चूक काढून द्यायचा, आणि सुट्टी संपली की पुन्हा पाठीवर पोतं. "त्याच्या पाठीवर पोतं होतं त्याचं काई नाई वो," काकी म्हणायची, "पण त्याच्या बापानं काय काय इकलं होतं, ते कोणी इचारलं नाई त्याले." हे सांगताना ती हमखास फाटकापर्यंत जाऊन यायची.

म्हणून कुणी समजेल, की बाई शिक्षणाच्या विरुद्ध होती. छे! अभ्यासाच्या वेळेत कुणी गप्पा मारताना दिसलं, की दारावर लाथ. एका वर्षी माझी शिष्यवृत्ती अडकली. दोन महिने मी ऑफिसच्या खिडकीवर हेलपाटे घालत होते आणि खिडकीतला माणूस दर वेळी म्हणायचा, सर्वर डाउन है, कल आओ. काकीला कळलं तशी ती माझा हात धरून निघाली. तो माणूस पुन्हा तेच म्हणाला. काकी म्हणाली, "भैया, वो गिर गया तो गिर गया. मैं तो खड़ी हूँ ना. उठेगा तब बता देना." आणि उभी राहिली. सकाळी साडेदहापासून. तिला खुर्ची दिली, नको. पाणी दिलं, ते उभ्याने प्यायली. मागे रांग वाढत गेली, लोक हसायला लागले, मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तीन वाजता सर्वर उठला.

आता मुख्य गोष्टीवर येते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर माफ करा. बारा-तेरा वर्षं झाली, तरी तो अजून चढतो.

बी.ए.च्या वेळी माझी वर्षाची फी म्हणजे दोन-तीन पोती धान विकलं की भागायचं. बी.एड.ला अख्खं पीक गेलं. आणि बी.एड. संपायच्या आधीच एका संस्थेचा माणूस घरी यायला लागला. संस्थेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशा पुष्कळ होत्या. त्यांच्या शाळेत दोन जागा निघणार होत्या. शाळा अजून विनाअनुदानित, पण अनुदान आज ना उद्या येणारच, आणि एकदा आलं की पोरगी जन्माची परमनंट. त्यासाठी 'संस्थेला मदत' करायची. ही मदत म्हणजे आमच्या तलावाखालच्या तीन बांध्या. आमच्याकडे धानाच्या बांध घातलेल्या शेताला बांधी म्हणतात. घरची बाकी जमीन पावसाच्या भरवशाची. पाणी मिळणाऱ्या अशा या तीनच. तो तलावही आमच्याच आजा-पणजांच्या पिढीने डोक्यावरून माती वाहून बांधलेला. बाबांनी गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. दादा, माझा थोरला भाऊ, गप्प होता. मी खूश होते. त्यात काय लपवायचं?

काकीला यातलं काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. त्या वर्षी उशिरा, संक्रांतीनंतर, मी गावाहून भाड्याचा तांदूळ घेऊन आले. पीक तर विकलं गेलेलं. म्हणून आईने पोत्यात कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ भरला होता आणि वरून दोन पायल्या घरचा. वरच्यावर बघून सोडून देईल, असं आईला वाटलं. माझी भोळी आई! काकीने हात घातला तो कोपरापर्यंत. बाहेर काढला, मूठ उघडली, दाणे पाहिले, वास घेतला.

"हा तुमच्या बांधीचा नोहे."

"तोच आहे काकी."

"हा कंट्रोलचा होय. धान कुठं गेलं?"

"उंदीर लागले होते."

"किती पायाचे?" काकी म्हणाली.

मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. काकी ऐकत होती आणि नळ ते फाटक, फाटक ते नळ फेऱ्या घालत होती. ती रागावली नाही, समजूतही काढली नाही. फक्त शाळेचं गाव कोणतं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारभर ती कुठे दिसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून मला म्हणाली, "चाल. तुया गावची बस कधी आहे?"

मी बसमध्ये तिच्या विनवण्या केल्या. काकी, बाबांना वाईट वाटेल. काकी, त्यांनी शब्द दिला आहे. बस अर्धी रिकामी होती, तरी ती दांड्याला धरून उभी होती, आणि मी सीटवर बसून वर तोंड करून बोलत होते. तिने एकदाच उत्तर दिलं, "तू चूप बस." आणि मी चूप बसले.

घरी बाबांनी खाट टाकली. "बसा बाई."

"बसाले नाई आली. कोणच्या बांध्या इकून रायले, ते दाखवा."

बाबा गांगरले. पण पाहुण्या बाईला नाही कसं म्हणायचं? पुढे बाबा, मागे काकी, तिच्या मागे मी. धान निघून गेलं होतं, बांध्यांमध्ये धानामागून डाळीसाठी पेरलेली लाखोरी गुडघ्याला लागायला आली होती. तलावाचं पाणी पाळीच्या, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधाच्या, पलीकडे भरलेलं. बाबांनी हाताने दाखवलं, इथून तिथवर. काकी धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधांवरून चालत, तिन्ही बांध्यांना फेरी मारून आली, आणि मग बाबांसमोर उभी राहिली.

"त्या शाळेत आता किती मास्तरणी आहेत?"

"असतील चार-पाच."

"पाच. मी कालच जाऊन आली. त्याईले पगार किती भेटते, ते इचारलं तुमी?"

बाबा पायाने धुऱ्यावरचं ढेकूळ फोडू लागले.

"एक रुपया नाई. तीन साल झाले. अनुदान येईल म्हणते. कधी येईल, ते हेडमास्तरलेही मालूम नाई. एक पोरगी तं टिफिनाले पैसे घरून आणते. जमीन देऊन बिनपगारी नोकरी घेऊन रायले तुमी. कायले?"

"पोरगी शिकली बाई," बाबा म्हणाले. "आता घरी कशी ठेवू?"

"ठेवू नका. तिचे हातपाय शाबूत आहेत, काई ना काई करंल. पण हे पाणी हातातून गेलं तं तुमच्या सात पिढ्याईले भेटणार नाई."

बाबांनी खाली वाकून लाखोरीचा एक शेंडा खुडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मंग नाई इकत."

झालं. एवढ्यात ठरलं. मी दहा हातांवर धुऱ्यावर उभी होते. दोघांपैकी एकानेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. नोकरी माझी, डिग्री माझी, रात्रंदिवस पाठ केलेलं सगळं माझं. आणि निकाल या दोघांनी लावला. मीही तोंड उघडलं नाही. आमच्याकडे मुली अशा वेळी बोलत नाहीत, आणि मी तर बी.एड. होत आलेली मुलगी, मला सहामाहीला बालमानसशास्त्रात पंच्याहत्तर गुण होते!

परीक्षा संपल्यावर मी खोली सोडली, तेव्हा काकीला भेटले नाही. ती नळावर असताना सामान रिक्षात टाकलं, किल्ली वर्षाकडे दिली आणि निघाले. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दोन जागांपैकी एक वर्षाला मिळाली. तिच्या बाबांनी आमगावकडची जमीन विकली. पहिली काही वर्षं तिला पगाराचा एक पैसा मिळाला नाही. ती फोनवर रडायची, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटायचं. काकी बरोबर होती, बाबा बरोबर होते, माझंही बरंच झालं म्हणायचं. मी एम.ए. केलं, सेट पास झाले आणि गोंदियातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. प्राध्यापक म्हणतात मला. मग वर्षाच्या शाळेला अनुदान आलं. थोडं, मग आणखी थोडं, मग पूर्ण. आता तिचं स्वतःचं घर आहे, बारा महिन्यांचा पगार आहे, पोरगी चांगल्या शाळेत आहे. मी दर जूनमध्ये मुलाखत देते. त्याच कॉलेजात, त्याच खुर्चीसमोर, "आपला परिचय द्या" म्हणतात. मार्चमध्ये तास संपले की मी कुणीच नाही. झालेल्या तासांचे पैसे कधी दिवाळीला येतात, कधी होळीला. वर्गात बी.ए.ची मुलं विचारतात, मॅडम, पुढे काय करू? मी खडू घेऊन फळ्याकडे वळते.

मधल्या वर्षांत काकी बाजारात भेटायची. भाजीच्या गर्दीत वीस पावलांवरून ओरडायची, "गोरेगाव! परमनंट झाली का?" सगळा बाजार वळून पाहायचा. मी 'नाही' म्हणायचे, पिशवी उचलायचे आणि दुसऱ्या ओळीत शिरायचे. कितीदा तरी मनात यायचं, की थांबावं आणि तिथेच, मिरच्यांच्या ढिगासमोर, तिला विचारावं, की तुम्ही कोण होता हो माझ्या आयुष्याचं ठरवणाऱ्या? एकदाही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्षाचा फोन आला. काकी पडली, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली आहे. मी गेले. खोल्या रिकाम्या होत्या. आजकाल मुलींना हॉस्टेल पाहिजे, नाहीतर त्या सरळ नागपूरला जातात. काकीचा मुलगा रायपूरहून आला होता, त्याने दार उघडलं. काकी पहिल्यांदा मला आडवी दिसली. पांघरुणाखाली एक पाय हलतच होता.

"पगार आला का?" हा पहिला प्रश्न.

"नाही आला अजून."

"आमगाव येऊन गेली. स्कुटीवर." तिने नजर छपराकडे नेली. "तिच्या बापानं इकली तवा मी त्याले मूर्ख म्हटलं होतं. तिच्यासमोर."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"त्या दिवशी तू धुऱ्यावर उभी होती," काकी म्हणाली. "मले दिसत होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. पण तुले इचारलं नाई मी. इचारलं असतं आणि तू वेगळं काई म्हटलं असतं, तं माया मनासारखं झालं नसतं. म्हणून नाई इचारलं."

हे एक वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. ते ऐकल्यावर काय काय बोलायचं, तेही तयार होतं, घासून पुसून. आणि तिची ती मोडलेली कंबर, तो हलणारा पाय बघून तोंडातून भलतंच निघालं.

"जाऊ द्या काकी. बरंच झालं. जमीन वाचली."

काकीने मान माझ्याकडे वळवली. "येवढी शिकली, धड खोटंही बोलता येत नाई तुले."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. तीही हसली, पण हसताना कंबर दुखली तशी कळवळून थांबली. मी तिचा हात धरून बसले. संध्याकाळी निघताना तिने विचारलं, "फेर कधी येशील?" मी म्हटलं, रविवारी. पण तिने रविवारपर्यंत वाट पाहिली नाही. तिच्या मातीला आम्ही नऊ-दहा जणी होतो, वेगवेगळ्या सालांच्या. बऱ्याच जणींना एकमेकींची नावं माहीत नव्हती, म्हणून गावं सांगून ओळख करून घेतली. मला तिचा राग अजून येतो. आणि ती नाही, हे आठवलं की जीव कासावीस होतो. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण असं, की बाबा आता नाहीत, शेती दादाच करतो, आणि दादाची मुलगी रोशनी बारावी झाली. नागपूरच्या एका खाजगी कॉलेजात तिचा बी.फार्म.ला नंबर लागतो आहे. फी, हॉस्टेल, पुस्तकं, चार वर्षं. माझ्या वेळी जे तीन पोत्यांत भागत होतं, त्याला आता जवळजवळ एक बांधी लागते. आणि चार वर्षांना तीन बांध्या. हो, त्याच. बाजूने पक्का रस्ता झाल्यामुळे त्यांना भाव आला आहे. गोंदियाचं गिऱ्हाईक दोनदा पाहून गेलं. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार. दादाने सोमवारीच मला बोलावून घेतलं.

"बाई, घरात शिकलेली तू एकटी," दादा म्हणाला. "तूच सांग. इकू का नको इकू? तू म्हणशील तसं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, 'नको' हा शब्द जिभेवर आला होता, आणि त्याच्या मागोमाग 'विक' हाही. पण तेवढ्यात दारात उभी असलेली रोशनी दिसली. पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती, पाणी द्यायचं विसरून. आम्ही दोघं तिच्याविषयी बोलत होतो आणि ती दारात उभी होती.

"तिला विचारलंस का?" मी दादाला म्हटलं.

"लहान पोरीले काय इचारू? तिले काय समजते?"

मी उठले. रोशनीला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "तुला काय पाहिजे? बाबाला काय वाटतं, मला काय वाटतं, ते सोडून दे. तू सांग." मला वाटलं, ती रडेल, नाहीतर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. पण रोशनी आमच्या घरातली असूनही आमच्यासारखी नाही. माझी ही सगळी कहाणी तिने लहानपणापासून माझ्याच तोंडून, माझ्या चढ्या आवाजात, शंभर वेळा ऐकली होती. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली,

"आत्या, तवा तुले कोणी इचारलं असतं, तं तू काय म्हटलं असतं?"

इतकी वर्षं मला विचारलं नाही म्हणून मी जळत होते. काकीला, बाबांना, कॉलेजला, नशिबाला, सगळ्यांना धारेवर धरलं मनातल्या मनात. पण विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, हा एवढा साधा प्रश्न मी स्वतःला एकदाही घातला नव्हता. बारावी झालेल्या पोरीने घातला. तिच्याशी तरी खोटं बोलायचं नव्हतं.

"विका, असं म्हटलं असतं," मी म्हटलं. "आणि म्हणताना बाबांच्या तोंडाकडे पाहिलं नसतं."

रोशनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत थोडी थांबली, मग दार उघडून बाहेर गेली. दादा ओसरीत बसला होता. ती जाऊन त्याच्यापाशी बसली. शेजारी नाही, अगदी समोर, त्याच्या तोंडाकडे बघत.